हाडातील जंतुसंसर्ग ओळखताना: कोणती तपासणी, केव्हा आणि कोणत्या प्रश्नासाठी

आषाढात दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, ज्ञानोबांची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत, तेव्हा पायाचे फोड आणि जखमा दाखवण्यासाठी मदत केंद्रांपुढे वारकऱ्यांची रांग लागते. त्यांतील बहुतेक जखमा मलमपट्टीने भरून येतात. पण रांगेतल्या एखाद्याला दहा-पंधरा वर्षांचा मधुमेह असतो, तळपायाची संवेदना गेलेली असते, आणि अंगठ्याच्या मुळाशी आलेला साधा फोड पंढरपूर गाठून परत येईपर्यंत खोल व्रण झालेला असतो. असा रुग्ण काही आठवड्यांनी क्ष-किरण विभागात येतो तेव्हा त्याच्या हातातील चिठ्ठीवर अनेकदा 'एक्स-रे, उजवा पाय' एवढेच लिहिलेले असते. त्याच्या डॉक्टरांना खरे विचारायचे असते ते असे, की या जखमेखालचे हाड शाबूत आहे की जंतू त्यात शिरले आहेत. हा प्रश्न चिठ्ठीवर उतरला नाही, तर उत्तरही अर्धवटच मिळते.

रेडिओलॉजीच्या कामात ही गोष्ट मला वारंवार जाणवली आहे. यंत्र कितीही महागडे असले तरी योग्य तपासणी, योग्य दिवशी आणि नेमका प्रश्न विचारून केली नाही, तर हाडातील जंतुसंसर्ग, म्हणजे ऑस्टिओमायलायटिस, हातून निसटतो किंवा नसताना दिसल्यासारखा वाटतो. म्हणून फॅमिली डॉक्टर, निवासी डॉक्टर आणि आजार समजून घेऊ पाहणारे नातेवाईक यांच्यासाठी हे थोडे विस्ताराने लिहीत आहे. निदान आणि उपचार यांचा निर्णय मात्र रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

हाडात काय घडते आणि यंत्राला काय दिसते

जंतू हाडापर्यंत तीन वाटांनी पोहोचतात: रक्तातून, शेजारच्या जखमेतून, किंवा उघडा अस्थिभंग व शस्त्रक्रिया यांच्या निमित्ताने थेट. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा त्यांतील सर्वांत नेहमीचा जंतू आहे. मज्जेत शिरल्यावर तेथे सूज येते, पण हाड हे कठीण कवच असल्यामुळे सुजेला पसरायला जागा नसते. आतला दाब वाढतो, रक्तपुरवठा कोंडला जातो आणि हाडाचा तेवढा भाग मृत होतो. पू वाट काढत हाडावरच्या आवरणाखाली येतो आणि ते आवरण उचलतो. आजार जुना झाला की मृत तुकडा वेगळा पडतो, त्याला सिक्वेस्ट्रम म्हणतात, आणि त्याभोवती शरीर नव्या हाडाचे वेष्टण रचते, ते इन्व्होल्युक्रम. मृत तुकड्यात रक्त खेळत नाही, त्यामुळे शिरेतून दिलेले प्रतिजैविकही तेथे पुरेसे पोहोचत नाही. जखम महिनोन्‌महिने वाहत राहण्याचे हे एक मोठे कारण आहे.

हा क्रम ध्यानात ठेवला तर तपासण्यांची निवड पाठ करावी लागत नाही. एक्स-रेवर हाडातील चुना दिसतो, आणि साधारण ३० ते ५० टक्के चुना निघून गेल्याखेरीज तेथील पोकळी डोळ्यांना जाणवत नाही. इतका चुना जाण्यास बहुधा १० ते १४ दिवस लागतात. एमआरआयमध्ये मज्जेतील पाणी आणि चरबी दिसते, आणि मज्जेला सूज तर पहिल्या काही दिवसांतच येते. त्यामुळे दुखणे सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी काढलेला एक्स-रे अगदी स्वच्छ असतो आणि त्याच दिवशीच्या एमआरआयमध्ये मज्जा सुजलेली दिसते. दोन्ही तपासण्या आपापल्या जागी बरोबर असतात. चूक होते ती पहिल्या आठवड्यातील स्वच्छ एक्स-रेवरून हाड निर्दोष ठरवण्यात.

चिठ्ठी लिहिण्यापूर्वी

तपासणीला पाठवण्याआधी रुग्णाच्या शेजारी बसून पाच मिनिटे खर्च केली तर पुढचे बरेच काही वाचते. दुखणे किती दिवसांचे आहे, ताप आहे का, रात्री वेदना वाढते का, मधुमेह किंवा डायलिसिस आहे का, त्या अवयवावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का, हे विचारून घ्यावे. ईएसआर आणि सीआरपी या शरीरातील दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या पाठवाव्यात. हे दोन्ही आकडे वाढलेले असले म्हणजे हाडातच संसर्ग आहे असे होत नाही, पण पायावर जखम असलेल्या मधुमेही रुग्णाचा ईएसआर ७० च्या पुढे असेल तर संशय बळावतो. जखम खोल असेल तर निर्जंतुक, बोथट धातूची सळई हलक्या हाताने तळाशी टेकवून पाहावी. टोकाला कठीण, खरखरीत हाड लागले तर अशा रुग्णात संसर्गाची शक्यता पुष्कळ वाढते. या साध्या परीक्षेला काही खर्च येत नाही, तरी ती फार थोड्या वेळा केली जाते, याचे मला वाईट वाटते.

चिठ्ठीवर पुढील गोष्टी असाव्यात: नेमका कोणता भाग, जखम कोठे आहे, लक्षणे कधीपासून, मधुमेह, आतील सळई किंवा पट्टी आणि ती बसवल्याची तारीख, ईएसआर व सीआरपी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), पूर्वी कॉन्ट्रास्टची (चित्र ठळक करण्यासाठी शिरेतून देतात त्या द्रव्याची) ॲलर्जी आली होती का, आणि कोणते प्रतिजैविक कोणत्या तारखेपासून सुरू आहे. 'एमआरआय, पाय' असे लिहिल्यास तंत्रज्ञ घोट्यापासून बोटांपर्यंतचा सगळा पाय एकाच चौकटीत बसवतो आणि बोटांच्या बारीक हाडांतील तपशील पुसट होतो. 'एमआरआय, उजव्या पायाचा पुढचा भाग, पहिल्या मेटाटार्सलच्या टोकाखाली व्रण, हाडात संसर्ग आहे का' असे लिहिल्यास (मेटाटार्सल म्हणजे पायाच्या बोटांमागचे लांब हाड) लहान चौकट घेऊन नेमक्या जागेची चित्रे काढता येतात. व्रणाच्या कडेला ड्रेसिंगवरून जीवनसत्त्व ई ची एखादी कॅप्सूल चिकटवली तर ती चित्रात ठळक दिसते आणि जखमेखालचे नेमके हाड कोणते हे सांगणे सोपे होते.

प्रतिजैविकाची तारीख मी मुद्दाम लिहिली आहे. दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या चार दिवस घेऊन ताप उतरलेले रुग्ण आमच्याकडे नेहमी येतात. त्या गोळ्यांनी आजार जात नाही, पण पुढे हाडाच्या तुकड्यातून जंतू वाढवून पाहायचे असतात तेव्हा ते उगवत नाहीत. नातेवाइकांनी घेतलेल्या प्रत्येक गोळीचे वेष्टन जपून ठेवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

एक्स-रे पहिला, पण शेवटचा नव्हे

उशिरा बदल दाखवतो म्हणून एक्स-रे टाळू नये. तो स्वस्त आहे, तालुक्याच्या गावीही मिळतो, आणि अस्थिभंग, गाठ, जखमेत राहिलेला काच वा धातूचा तुकडा, सांध्याची झीज अशा दुसऱ्या कारणांचा त्याने झटकन उलगडा होतो. शिवाय पुढचा एमआरआय वाचताना तोच आधार ठरतो. पायाच्या किमान तीन दिशांनी प्रतिमा घ्याव्यात: वरून, तिरकी आणि बाजूने. लहान मुलांत वाढीच्या चकत्यांमुळे गोंधळ होऊ शकतो, म्हणून शंका असल्यास दुसऱ्या बाजूच्या त्याच भागाचाही एक्स-रे काढून तुलना करावी.

वाचताना क्रम ठेवावा. आधी मांसल भाग पाहावा. स्नायूंच्या मधल्या चरबीच्या रेषा सुजेमुळे पुसल्या गेल्या आहेत का, हा बदल हाडातील बदलांपेक्षा पुष्कळ आधी दिसतो. मग हाडाची बाहेरची कड अखंड आहे का, एखादा भाग विरळ झाला आहे का, हाडावरच्या आवरणाने नव्या हाडाची पातळ रेघ उमटवली आहे का, हे पाहावे. जुन्या आजारात हाड जाड, ओबडधोबड दिसते आणि आत पांढराशुभ्र सुटा तुकडा आढळतो. नडगीच्या हाडात दाट कडा असलेली गोल किंवा लांबट पोकळी दिसली आणि रुग्णाला महिनोन्‌महिने रात्री दुखत असेल, तर ब्रॉडीच्या गळूचा विचार करावा. सर बेंजामिन ब्रॉडी या इंग्रज शल्यविशारदाने १८३२ मध्ये त्याचे वर्णन केले होते, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ६३ वर्षे आधी.

पहिला एक्स-रे स्वच्छ आला आणि एमआरआय लगेच शक्य नसेल, तर त्याच दिशांनी, शक्यतो त्याच ठिकाणी, दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा काढावा आणि दोन्ही फिल्म शेजारी ठेवून पाहाव्यात. अशा जोडीत दिसलेला फरक एका सुट्या फिल्मपेक्षा फार काही सांगून जातो. अर्थात ही सवलत स्थिर रुग्णापुरती आहे. ताप असलेले लहान मूल किंवा पाठदुखीबरोबर पायांत कमजोरी आलेला रुग्ण यांच्या बाबतीत थांबायचे नसते.

एमआरआय: काय पाहावे आणि अहवाल कसा वाचावा

हाडातील संसर्गाच्या शंकेसाठी आज सर्वांत उपयोगी तपासणी एमआरआय हीच आहे. मज्जा पूर्णपणे सामान्य दिसली तर तेथे संसर्ग असण्याची शक्यता फारच थोडी उरते, आणि हा नकार डॉक्टरांच्या दृष्टीने मोठा दिलासा असतो.

अहवालात दोन शब्द वारंवार येतात: टी-१ आणि स्टर. टी-१ चित्रात प्रौढ माणसाच्या मज्जेतील चरबी उजळ दिसते. संसर्गाने ती चरबी हटून सूज आणि पू भरला की तो भाग सलग काळसर होतो. स्टर चित्रात चरबीचा प्रकाश दाबलेला असतो, त्यामुळे पाणी असलेला भाग उजळून निघतो. टी-१ मध्ये सलग काळा आणि स्टरमध्ये उजळ, आणि शेजारी जखम किंवा तिच्यापासून हाडापर्यंत आलेली वाट, असे एकत्र दिसले तर संसर्ग असल्याचे बऱ्याच विश्वासाने सांगता येते. स्टरमध्ये हाड उजळ आहे पण टी-१ मध्ये जवळजवळ सामान्य आहे, अशा वेळी ती केवळ शेजारच्या जखमेची प्रतिक्रिया असू शकते. अहवालात 'मज्जेत सूज' एवढेच लिहिलेले पाहून नातेवाईक घाबरतात आणि कधी कधी डॉक्टरही बोट कापण्याच्या विचारापर्यंत जातात. अशा वेळी रेडिओलॉजिस्टला फोन करून टी-१ मध्ये काय दिसते, हे सरळ विचारावे. आम्हाला त्या फोनचा त्रास होत नाही, उलट रुग्णाची जास्त माहिती मिळते.

गॅडोलिनियम कॉन्ट्रास्ट प्रत्येक वेळी लागत नाही. संसर्ग आहे की नाही हे बहुतेकदा त्याशिवायही कळते. पू साठला आहे का, तो नेमका कोठवर गेला आहे, कोणता भाग मृत झाला आहे आणि शस्त्रक्रियेत किती भाग काढावा लागेल, हे ठरवताना त्याची खरी मदत होते. मूत्रपिंडाची क्षमता खूप घटलेली असेल, विशेषतः ईजीएफआर ३० च्या खाली असेल, तर कोणते कॉन्ट्रास्ट द्यायचे आणि द्यायचे का, याचा आधी विचार व्हावा. मधुमेही रुग्णांत ही अडचण वारंवार येते, म्हणून ताजा क्रिएटिनिन अहवाल बरोबर आणावा. गर्भारपणाची शक्यता असेल तर तेही आधी सांगावे.

तयारीबद्दल थोडे. पेसमेकर, कानातील कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतील रक्तवाहिनीवर बसवलेली क्लिप यांची माहिती आधी द्यावी, शक्य असल्यास त्यांचे कार्ड आणावे. हाडात बसवलेल्या सळया आणि पट्ट्या बहुधा एमआरआयला आडव्या येत नाहीत. मंगळसूत्र, करदोट्यातील धातू, ताईत हे सर्व घरीच काढून यावे. पायाच्या एमआरआयसाठी जोडवी काढणे आवश्यक असते. चांदी चुंबकाकडे ओढली जात नसली तरी तिच्याभोवतीचे चित्र बिघडते, आणि नेमकी तीच बोटे आम्हाला पाहायची असतात. वर्षानुवर्षे घातलेली जोडवी सुजलेल्या बोटातून निघत नाहीत, आणि आयत्या वेळी ती कापावी लागली की घरच्यांना वाईट वाटते. म्हणून आदल्या दिवशीच साबण लावून प्रयत्न करावा.

मधुमेही पाय आणि शार्को पाय यांतील फरक

ज्या ठिकाणी दाब पडतो तेथे व्रण होतो आणि व्रणाखालीच हाडाचा संसर्ग होतो: पहिल्या आणि पाचव्या मेटाटार्सलची टोके, बोटांची टोके, टाच, घोट्याची बाजू. पायाच्या मध्यभागी मात्र वेगळा आजार फार आढळतो. संवेदना गेलेल्या पायातील सांधे न कळत तुटत, सरकत जातात. पाय लाल, गरम, सुजलेला होतो, पण कातडी अखंड असते. याला शार्को पाय म्हणतात आणि एमआरआयमध्ये तोही स्टरमध्ये झळाळून निघतो. फरक करताना मी सर्वप्रथम कातडीकडे पाहतो. व्रण नाही, नाडीव्रणाची वाट नाही आणि बदल पायाच्या मध्यभागी अनेक सांध्यांभोवती पसरलेला आहे, तर शार्को अधिक संभवतो. व्रण आहे आणि त्याच्या अगदी खालचे एखादे हाड टी-१ मध्ये सलग काळे आहे, तर संसर्ग. पाय काही मिनिटे वर उचलून धरल्यावर लाली उतरली तर ते शार्कोकडे झुकणारे लक्षण आहे. दोन्ही आजार एकाच पायात असले तर तज्ज्ञांचेही मतभेद होतात आणि निकाल हाडाच्या तुकड्यावरच लागतो.

मूल पाय टेकत नाही तेव्हा

लहान मुलांत जंतू रक्तातून येतात आणि लांब हाडांच्या टोकाजवळ, वाढीच्या चकतीलगत बसतात, कारण तेथील रक्तवाहिन्यांत रक्ताचा वेग मंद असतो. मांडीच्या हाडाचे गुडघ्याकडचे टोक आणि नडगीचे वरचे टोक या त्यांच्या नेहमीच्या जागा आहेत. 'शाळेत पडला म्हणून लंगडतो' अशी हकिगत जवळजवळ प्रत्येक वेळी असते, कारण मुले रोजच पडतात. ताप, एकाच जागी दाबल्यावर रडणे आणि पाय टेकण्यास नकार, हे तिन्ही एकत्र असतील तर पडण्याचे कारण मान्य करण्याआधी रक्ततपासणी आणि प्रतिमा झाल्या पाहिजेत.

येथे सोनोग्राफीचे महत्त्व मोठे आहे. तिला हाडाच्या आत दिसत नाही, पण हाडावरच्या आवरणाखाली साठलेला पू दिसतो आणि खुब्याच्या सांध्यातील पाणीही दिसते. किरणोत्सर्ग नाही, गुंगी द्यावी लागत नाही, आणि सुईने पू काढतानाही तिचाच आधार असतो. खुब्यातील पू ही घाईची बाब आहे, कारण दाबामुळे मांडीच्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. अशा मुलाला 'उद्या सकाळी एमआरआयची वेळ मिळाली आहे' म्हणून थांबवून ठेवू नये. अस्थिरोगतज्ज्ञांना त्याच रात्री कळवावे. तान्ह्या बाळांत रक्तवाहिन्या वाढीची चकती ओलांडून जातात, त्यामुळे संसर्ग सांध्यात उतरण्याचा धोका जास्त असतो. शिवाय त्यांच्यात तो एकाच वेळी अनेक हाडांत असू शकतो, म्हणून दुखरा भाग तेवढा पाहून थांबू नये.

नंदुरबार, मेळघाट किंवा गडचिरोली भागातून आलेल्या मुलाला सिकलसेल आहे का, हे विचारलेच पाहिजे. त्या आजारात रक्त न पोहोचल्यामुळे हाडाचा भाग मरणे संसर्गापेक्षा पुष्कळ अधिक घडते आणि एमआरआयमध्ये दोन्ही सारखेच दिसू शकतात. संसर्ग झालाच तर त्यात साल्मोनेला जंतूचाही विचार करावा लागतो.

पाठीचा कणा: क्षय की इतर जंतू

आपल्या देशात मणक्याच्या संसर्गाचे नाव निघाले की क्षय आधी आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण प्रत्येक वेळी तो क्षय नसतो. शंका आली की संबंधित भागाचा एमआरआय करावा आणि त्याबरोबर संपूर्ण कण्याची झटपट तपासणीही मागावी, कारण क्षयात मधले मणके सोडून दूरचा मणकाही धरलेला असू शकतो. इतर पूजनक जंतूंच्या संसर्गात दोन मणक्यांमधील गादी लवकर नष्ट होते, कंबरेचा भाग जास्त धरला जातो आणि आजार काही दिवसांत ते आठवड्यांत वाढतो. क्षयात गादी तुलनेने उशिरापर्यंत टिकते, पू मणक्यांच्या पुढच्या बंधाखालून सरकत खाली जातो, शेजारी पातळ भिंतीचे मोठे गळू तयार होते आणि आजार महिनोन्‌महिने रेंगाळतो. ही चिन्हे उपयोगी आहेत, पण त्यांच्या आधारे केवळ चित्रावरून वर्षभराची औषधे सुरू करणे मला पटत नाही. शक्य असेल तेव्हा सीटीच्या मार्गदर्शनाखाली सुईने तुकडा घ्यावा. तो नेहमीच्या जंतूंच्या कल्चरसाठी (म्हणजे जंतू वाढवून पाहण्यासाठी), क्षयजंतूंच्या कल्चरसाठी, सीबीनॅट या क्षयजंतूंच्या जनुकीय तपासणीसाठी आणि पेशींच्या तपासणीसाठी, अशा चारही ठिकाणी जावा. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या केंद्रांवर सीबीनॅट मोफत होते आणि रिफाम्पिसिन या क्षयावरील औषधाला जंतू दाद देतात का, हेही त्यातून कळते.

रुग्ण स्थिर असेल, पायांत कमजोरी नसेल आणि रक्तात संसर्ग पसरल्याची लक्षणे नसतील, तर तुकडा घेईपर्यंत प्रतिजैविक थांबवून ठेवणे हिताचे असते. उलट कमजोरी, लघवी अडणे किंवा रक्तदाब घसरणे यांपैकी काही असेल तर कशासाठीही थांबू नये.

आत धातू असताना, आणि उरलेल्या तपासण्या

पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात नडगीचा उघडा अस्थिभंग आणि त्यात बसवलेली सळई हे नित्याचे दृश्य आहे. सहा महिन्यांनी जखमेतून पाणी येऊ लागले की एमआरआयमध्ये धातूभोवती काळे डाग आणि विकृती दिसते. पोलादापेक्षा टायटॅनियम बरे, आणि ३ टेस्लापेक्षा १.५ टेस्लाच्या यंत्रावर (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे एकक) हा त्रास कमी होतो. धातूची विकृती घटवणारी खास चित्रमालिका उपलब्ध आहे का, हे वेळ घेतानाच विचारावे. सीटीमध्ये सुटलेला मृत तुकडा, हाडातील भोक आणि न जुळलेला अस्थिभंग फार स्पष्ट दिसतो, म्हणून जुन्या संसर्गाच्या शस्त्रक्रियेआधी मी सीटी आवर्जून सुचवतो.

एमआरआय करताच येत नसेल किंवा त्याचे उत्तर धूसर असेल, तर न्यूक्लिअर मेडिसिनकडे वळावे. तीन टप्प्यांच्या बोन स्कॅनमध्ये टेक्नेशियम-९९एम हे द्रव्य दिल्यावर लगेच, काही मिनिटांनी आणि तीन-चार तासांनी चित्रे घेतात. याचे अर्धायुष्य ६ तासांचे असते, म्हणून दिलेली वेळ चुकवू नये. स्कॅन स्वच्छ आला तर बराच विश्वास ठेवता येतो. पण नुकताच अस्थिभंग, शस्त्रक्रिया किंवा शार्को असला तरी तो उजळतोच. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींना खूण करून केलेला स्कॅन हातापायांत अधिक नेमका असतो, मात्र कण्यात तो फसवा ठरतो. तेथे एफडीजी पेट-सीटी, म्हणजे खूण केलेली साखर देऊन केलेला स्कॅन, चांगली माहिती देते. तिच्यासाठी उपाशीपोटी यावे लागते आणि रक्तातील साखर आटोक्यात असावी लागते. मधुमेही रुग्णाने इन्सुलिनच्या वेळेबाबत आधी केंद्राशी बोलून घ्यावे.

हाडाचा तुकडा

जखमेच्या पृष्ठभागावर कापूस फिरवून केलेल्या कल्चरमध्ये जे जंतू येतात, ते हाडातील जंतूंशी अनेकदा जुळत नाहीत. म्हणून शक्यतो अखंड कातडीतून, प्रतिमेच्या मार्गदर्शनाखाली हाडाचा तुकडा घ्यावा. तो नेहमी दोन बाटल्यांत जावा. कल्चरसाठीची बाटली निर्जंतुक व फॉर्मालिनविरहित असावी, आणि पेशींच्या तपासणीसाठीची फॉर्मालिनची. एखाद्या मुलाचा ताप, वाढलेला ईएसआर आणि हाडाची पोखरण हे इविंग सार्कोमा या कर्करोगाचे रूपही असू शकते. फक्त कल्चर पाठवले आणि ते निर्जंतुक आले, तर अशा मुलाचे मोलाचे आठवडे वाया जातात.

उपचार सुरू झाल्यानंतर

दर महिन्याला एमआरआय काढण्याची गरज बहुतेकांना नसते. रुग्ण बरा होत असताना, ताप उतरलेला आणि सीआरपी खाली येत असतानाही मज्जेतील सूज चित्रात कित्येक आठवडे तशीच राहते, कधी वाढल्यासारखीही वाटते. अशा अहवालाने घाबरून औषध बदलणे चुकीचे ठरते. वेदना, चालणे, जखमेचा आकार आणि सीआरपी यांवर लक्ष ठेवावे आणि त्यांची गाडी अडली तरच पुन्हा प्रतिमा घ्यावी.

जुन्या सर्व फिल्म आणि सीडी तारखेच्या क्रमाने एकाच पिशवीत ठेवाव्यात. नगर, सोलापूर किंवा सातारा येथून ससूनमध्ये किंवा पुण्याच्या अन्य रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांकडे अनेकदा केवळ छापील अहवाल असतो आणि चित्रे घरी राहिलेली असतात. रेडिओलॉजिस्टला तुलना करायची असते ती चित्रांची. कण्याच्या संसर्गावर उपचार सुरू असताना पायांत नव्याने कमजोरी आली, मुंग्या मांड्यांपर्यंत चढल्या किंवा लघवी-शौचावरील ताबा गेला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी ही पिशवी घेऊन तातडीच्या विभागात यावे आणि त्याच दिवशी एमआरआय करण्याची मागणी करावी.